इथवर

तीन उन्हाळे कोरडे गेलेत, म्हणतो लॅम्बर्ट ग्लोडोस्की,
आणि विस्कॉन्सिनच्या त्या सखल तुकड्यावर
बूट आपटून दाखवतो: ऐका, खणखणीत आहे.
मुलीचं घर इथंच उठायचंय.
नकाशा त्याच्या खिशात, घामाने मऊ पडलेला.

वर्ना काही बोलत नाही.
वाकते, एक देठ तोडते, बोटांत फिरवते
आणि माझ्या हातात देते.
चिमटीला तीन कडा लागतात.
गवताचा देठ गोल असतो. हे गवत नव्हे.
मी लिहितो: लव्हाळा, साठ टक्के.
पलीकडे वाळुंज, बुंध्याशी फुगलेला,
सालीवर गुडघ्याच्या उंचीला मळकट रेघ,
रेघेच्या वर शेवाळ, खाली नाही.
पाणी नसताना पाण्याची उंची
अशी मोजायची.

"झाडं काय, कुठंही उगवतात."
खरंय. झाडं कधीकधी साक्ष फिरवतात.
म्हणून खणायचं.

फावडं पहिल्या वितीला काळं आणतं,
दुसऱ्या वितीला राख,
आणि राखेत जिथं जिथं मूळ गेलं होतं
तिथं तिथं तांबेरा,
केसाएवढ्या नारिंगी नळ्या.
बुडालेल्या झाडाने वरून श्वास ओढून आणला,
मुळाभोवतीचं लोखंड गंजलं.
घडलं एवढंच, पण राहून गेलं.

वर्ना ढेकूळ फोडते, हुंगते,
मग लॅम्बर्टच्या नाकाशी धरते.
सडकं अंडं! तो मान मागे घेतो,
नको असताना हसतो.

ती काळा चष्मा काढते, उन्हाला पाठ देते.
रंगांच्या वहीत प्रत्येक चौकोनाखाली एक भोक,
भोकामागे ओली माती धरून विचारायचं,
तूच का ती?
"चार, एक," ती सांगते. मी लिहितो, चार, एक.
कुठंतरी पाणी मुरतंय, हा आमच्या कामात
संशय नसतो,
रकाना असतो.

मग गुलाबी झेंड्या, तारेच्या काडीवर,
लव्हाळा संपतो त्या बाजूने, राख संपते त्या बाजूने.
बाराव्या झेंडीपाशी लॅम्बर्ट थांबला
आणि उपटली त्याने.
झालं, म्हटलं, आता भांडण.
पण तो चढावर गेला, घराच्याच दिशेने,
सतरा पावलं, तोंडाने मोजत,
आणि तिथं रोवली,
स्वतःच्या कोरड्या जमिनीत.

"इथवर होतं.
बर्फ एकदम वितळला त्या वर्षी.
क्लेमेन्स सात वर्षांचा. कोठाराचं दार काढलं त्याने,
त्यावर बसून वल्हवत आला, या धोंड्याला आपटला.
आठवड्यात ओसरलं सगळं."
क्लेमेन्सचं पुढं काय, ते त्याने सांगितलं नाही,
आम्ही विचारलं नाही.

वर्ना गिरमिट घेऊन तिथं गेली.
हातभर खोल. वर आली तपकिरी,
सुटी, शिळ्या पावाच्या चुऱ्यासारखी.
तांबेऱ्याचा ठिपका नाही.
पुन्हा घातलं. पुन्हा तपकिरी.

"एकदाच आलेलं पाणी," ती मातीकडेच बघत म्हणाली,
"मातीला लागत नाही.
वर्षानुवर्षं यावं लागतं त्याने,
यावं आणि बसून राहावं."

"मला लागलं," लॅम्बर्ट म्हणाला.

त्याला रकाना नव्हता.
बारावी झेंडी मी उपटली, खाली नेली,
जुन्याच भोकात बसवली.
सतरा पावलं त्याची त्याला परत.
घर मावेल, ओसरी कदाचित नाही.

आम्ही गाडीत फावडी टाकत होतो तेव्हा
तो अजून वर होता, धोंड्याशी उकिडवा,
तपकिरी भोकात कोपरापर्यंत हात घालून
तळाशी काही ओलं लागतंय का
बघत.